अस्तराची बाजू

पडद्याला दोन बाजू असतात. चांगली बाजू खोलीत, अस्तर बाहेर. घरातल्यांनी फुलं बघायची आणि रस्त्यानं अस्तर, हा आमच्या धंद्याचा कायदा. तो मी केलेला नाही, पण आयुष्यभर पाळला. बागेच्या रस्त्यावरच्या इमारतींच्या पाठी आमच्या गल्लीकडे आहेत आणि तिथल्या निम्म्याअधिक खिडक्यांना मी शिवलेले पडदे आहेत. दुकानाच्या उंबऱ्यात उभं राहून मान वर केली की माझंच काम मला दिसतं, पण अस्तराकडून. मातकट, उन्हानं पिवळं पडलेलं. आत कुठल्या खिडकीला कसली फुलं लागलीत ते मला पाठ आहे, म्हणून मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायला फुरसत नव्हती, हेही खरं.

आमच्याकडे कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. मुलगा स्टुलावर चढून छताला टेकतो, त्याला गल्ली शिडी म्हणते. सून कापड बेतते. तिच्या कात्रीला धार जास्त की जिभेला हे अजून ठरायचंय, म्हणून ती कात्री. नात जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती, ती बटण. आता आईच्या डोक्यावरून बघते, तरी बटणच. गल्लीनं मलाही काहीतरी नाव ठेवलेलं असणार. माझ्यासमोर ते घ्यायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

खाली दुकान आणि वर आम्ही, असं आमचं सगळं चाललं होतं. मग गल्ली बदलायला लागली. छापखाना गेला, तिथे कॉफीचं दुकान आलं. लोखंडाच्या गोदामात आता चित्रं टांगतात. लोक ती बघायला येतात आणि चित्रांपेक्षा गंजलेल्या खांबांचेच फोटो काढतात. एक दिवस घरमालकाचा मुलगा आला, हात मागे बांधून आमच्या छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, दुकान राहू द्या. पण वरच्या खोल्या मला पाहुण्यांना रोजानं द्यायच्यात. जुनं लाकूड आहे ना, लोकांना आवडतं."

"आम्हालाही आवडतं," मी म्हटलं. "म्हणून तर राहिलो."

तो हसला. मी हसले नाही.

त्या रात्रीपासून जेवताना एकच विषय. भाड्यानं राहणं पुरे, आता स्वतःचं घ्यायचं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे तिघांची तीन तोंडं. शिडीला शहराच्या टोकाचे नवे टॉवर हवे होते.

"तिथे लिफ्ट आहे, पार्किंग आहे," तो म्हणाला.

"आपल्याकडे गाडी आहे?"

"होईल की."

"मग गाडी आली की तिला पाठव तिथे राहायला."

कात्रीला गल्लीतच, पलीकडच्या टोकाला घर घ्यायचं होतं. "दुकानात यायला चार पावलं पडतील, आई. आणि ओळखीची माणसं आहेत. सांडलं-लवंडलं तर कोणीतरी धावून येईल."

"तुझ्या जिभेला घाबरून कोण येणार?"

"तुमच्या जिभेला घाबरून येतील," ती म्हणाली. हे मला आवडलं, पण तसं दाखवलं नाही.

मी म्हटलं, "बागेच्या रस्त्यावर घ्यायचं."

शिडीचा घास हातातच राहिला. बागेचा रस्ता म्हणजे जिथे आम्ही मागच्या जिन्यानं चढतो, काम करतो आणि मागच्याच जिन्यानं उतरतो. कात्रीनं विचारलं, का? मी म्हटलं, माझी मर्जी. मर्जीच्या मागे काय होतं ते मी तिघांपैकी कोणाला सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. एक बाई दुकानात कापड बघायला आली. बोलता बोलता कळलं, तिची मुलगी आमच्या बटणाच्या वर्गात आहे. ती म्हणाली, "तुम्ही बागेच्या रस्त्यावर राहता ना? आमच्या मुलीला तुमच्या नातीनं सांगितलं. मग इथे फक्त कामाला येता वाटतं?" वर दोरीवर आमच्याच चादरी वाळत होत्या आणि त्यांचं पाणी दाराबाहेर टेकवलेल्या तिच्या छत्रीवर टपकत होतं. मी एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. कामाला येतो." नातीला मी परक्या बाईसमोर खोटी पाडणार नव्हते. पण ती गेल्यावर मशीनवर बसले आणि शिवण तिरकी गेली. माझी शिवण तिरकी जात नाही. गल्लीचं नाव सांगायला पोरीला लाज वाटते, हे एखाद्या सुईसारखं कुठेतरी आत मोडून राहिलं.

तिला रागवून काय होणार होतं? वयच तसं. मी दुसरंच ठरवलं. पोरगी खोटं बोलली आहे ना, तर ते खोटं आपण खरं करून टाकायचं. पैसा होता. कसा होता ते सांगत बसत नाही, पण कोणाचा उसना नव्हता. बागेच्या रस्त्यावरचं एक घर विकायला निघालंय असं दलालानं सांगितलं आणि दुपारची वेळ दिली.

निघताना मी सगळ्यांना दुकानात उभं केलं. "नीट ऐका. आज आपण गिऱ्हाईक आहोत. कोणी कापडाला हात लावायचा नाही. दांडा वाकडा असेल तर असू दे. चुण्या विस्कटल्या असतील तर तिकडे बघायचं नाही. शिडी, तू खिडकीपाशी उभं राहून वीत मोजत बसतोस, ते आज नको."

"मी कधी मोजतो?"

"आत्तासुद्धा मोजतोयस," कात्री म्हणाली. त्याचा पंजा दाराच्या चौकटीवर होता. त्यानं तो खिशात घातला.

मी ठेवणीतली शाल काढली, केस नीट केले, आरशात बघून घेतलं. बटणानं स्वतःहून तिचा चांगला कोट घातला होता. आम्ही निघालो आणि नेहमीसारखे वेळेच्या आधी पोचलो. कामाला जाताना लवकर जायचं, गिऱ्हाईक तयार नसलं तर जिन्यात थांबायचं, ही सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

इमारतीचा रखवालदार मला ओळखतो. आम्हाला पुढच्या दारात बघून तो खुर्चीतून अर्धा उठला. "आज मागून नाही?"

"आज पुढून," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे बघितलं आणि ओठ आत ओढून बाजूला झाला. मला वाटलं, शालीला बघून बिचारा चपापला. मी मान आणखी ताठ केली. पुढचा जिना रुंद होता, कठडा घासून गुळगुळीत झालेला. इतक्या वर्षांत त्या कठड्याला माझा हात पहिल्यांदा लागला. मी सावकाश चढले. गुडघ्यांसाठी नाही, मजेसाठी.

दार त्या घराच्या मालकिणीनंच उघडलं. माझ्याच वयाची बाई, गळ्यात मोत्यांचा सर, पायात मऊ सपाता. तिनं आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुटका झाल्यासारखी म्हणाली, "बरं झालं लवकर आलात. पडद्याची माणसं ना? या, या. गिऱ्हाईक यायच्या आत उरकायचंय."

मी तोंड उघडलं. आम्ही गिऱ्हाईक आहोत असं म्हणणार, एवढ्यात कात्रीनं माझी बाही ओढली. तिची नजर माझ्या गळ्यावर होती. मी हात लावला. टेप.

पिवळी टेप, मापाची. उठल्यापासून झोपेपर्यंत ती माझ्या गळ्यात असते. आकडे मी शाळेत नाही, तिच्यावर शिकले. ती गळ्यात आहे हे मला कळत नाही, जसं नाक तोंडावर आहे हे कळत नाही. मी केस विंचरले तिच्यासकट, आरशात बघितलं तिच्यासकट आणि ठेवणीतली शाल घेतली तीही तिच्यावरून. घरातली तीन माणसं माझ्याकडे टक लावून बघत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण टेपेशिवाय मला त्यांनी कधी बघितलेलंच नाही. तिघांना ताकीद देऊन निघाले आणि दुकानाची पाटी मीच गळ्यात घालून आले होते.

बाई आत वळलीसुद्धा. आम्ही मागोमाग. आता हे सांगायला मला संकोच नाही की तेवढ्यात माझं कुतूहल जागं झालं होतं. गिऱ्हाईकाला घर जसं दाखवतात तसं आम्हाला कोणी दाखवणार नव्हतं. पडदेवाल्यांपुढे कोणी पोट आत ओढून उभं राहत नाही.

पुढची खोली बागेवर उघडणारी. झाडं अगदी खिडकीला खेटलेली, उजेड हिरवा. पडदे तयार विकत आणलेले होते आणि बोटभर आखूड होते. शिडीनं ते बघितलं, मी बघितलं, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बाई न थांबता मागच्या खोलीत गेली आणि खिडकी उघडली.

"इथे करायचंय. जाड कापड लावा, दुहेरी. दलाल म्हणाला, घर दाखवताना ही खिडकी बंद राहिली पाहिजे. लोक पुढून खूष होतात आणि इथे येऊन हा पसारा बघतात."

माझे हात आपोआप टेप घेऊन खिडकीला लागले होते. मी वरचं टोक चौकटीला धरलं, खाली सोडलं आणि टेपेबरोबर माझी नजर खाली गेली.

आमची गल्ली होती. वरून ती मी कधी बघितली नव्हती. या इमारतींमध्ये आयुष्यभर आले, पण खिडकीजवळ गेले की माझं लक्ष चौकटीवर असायचं, बाहेर कधी गेलंच नाही. निळा पत्रा, त्यावर शिडीनं ठोकलेलं ठिगळ. दोरीवर आमच्या चादरी. इस्त्रीवाल्याच्या दारातून वाफ येत होती. चांभार पाय पसरून उन्हात बसला होता आणि कॉफीवाल्यांची खुर्ची त्यानं बिनदिक्कत आपल्याकडे ओढून घेतली होती. लहान दिसत होतं सगळं. आणि नीटनेटकं. खरंच सांगते, वरून आमची गल्ली नीटनेटकी दिसते.

"हा पसारा," बाई पुन्हा म्हणाली, "झाकला की घर कसं वेगळंच वाटेल बघा."

मी बोलले नाही. मी बोलले नाही असं माझ्या घरात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण तिघे साक्षीला आहेत. माझ्या बाजूला बटण उभी होती आणि मला तिचीच काळजी वाटत होती. ज्या गोष्टीची पोरीला लाज, तिला परक्या बाईनं तिच्या तोंडावर पसारा म्हटलं होतं. वाटलं, आता ही आक्रसून इतकी लहान होईल की शोधावी लागेल.

बटण खिडकीशी आली. बाहेर वाकली.

"तो निळा पत्रा आमचा," ती म्हणाली. "खाली आमचं दुकान आहे. कडेची चादर माझी. आणि दुपारी घर बघायला येणार आहेत ना, ते लोक आम्हीच आहोत."

आवाज चढवला नाही. बापासारखी शांत बोलली, पण वाक्य आईसारखं बेतलेलं. शिडी खाली बघायला लागला, कात्री वर. माझ्या हातातली टेप सुटून सळसळत वेटोळं होऊन पडली.

घरमालकीण पलंगाच्या कडेवर बसली. मोत्यांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "दलालानं सांगितलं म्हणून. मी स्वतः ही खिडकी कधी बंद ठेवलेली नाही." आणि माझ्याकडे बघून, "निळ्या पत्र्याखाली सकाळी कोणीतरी रोज ओरडत असतं. त्यावर मी उठते. ते तुम्ही?"

"मी ओरडत नाही," मी म्हटलं. "मी बोलते."

"मग तुम्हीच," ती म्हणाली. तिच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. वाईट बाई नव्हती. घर विकायला काढलं की माणूस दलालाचे शब्द बोलायला लागतो, एवढंच.

तेवढ्यात दलाल आला. अत्तराचा वास आधी आला, मग तो. उघडी खिडकी बघून त्याचा चेहरा पडला. "हा भाग थोडासा... पण काळजी करू नका. पाचसहा वर्षांत ही गल्ली राहणारच नाही. सगळं पाडून छान होणार आहे."

"कोण पाडणार?" मी विचारलं.

"म्हणजे, होणारच आहे ते."

"मला विचारलंय का कोणी?"

त्यानं माझ्या शालीकडे बघितलं, जमिनीवरच्या टेपेकडे बघितलं आणि घरमालकिणीला हळूच विचारलं, "या कोण?"

"गिऱ्हाईक," घरमालकीण म्हणाली.

आम्ही विचार करून सांगतो म्हणून निघालो. जिन्यात शिडी थांबला. तो क्वचित चिडतो, पण तेव्हा चिडला होता. "इथे नको, आई. आपल्याला झाकायला आपल्याकडूनच पडदा मागणाऱ्यांच्या रस्त्यावर मला राहायचं नाही."

"मलाही नाही," कात्री म्हणाली. "तुमचा अपमान झाला तिथे."

"माझा अपमान करायला फार लवकर उठावं लागतं," मी म्हटलं. मग बटणाला विचारलं, "तुझं काय?"

ती कठड्यावर बोट फिरवत होती. "आजी, मी शाळेत एक गोष्ट सांगितली होती. आपण इथे राहतो अशी."

"माहीत आहे."

तिनं मान वर केली. "कधीपासून?"

"आधीपासून. पुढे बोल."

"आता इथे घर नाही घेतलं तरी चालेल. मी खरं सांगेन. आत्ताच एकदा सांगितलं, तर काही झालं नाही."

कात्रीनं नवऱ्याकडे बघितलं. आमच्यात काय चाललंय ते तिला हळूहळू उमगत होतं. मी खाली पायरीवर बसले, कारण माझं ऊर इतकं भरून आलं होतं की उभं राहून ते पेलणारं नव्हतं. ज्या कारणासाठी मला हे घर हवं होतं ते कारण पोरीनं माझ्या डोळ्यांसमोर उचलून फेकून दिलं होतं. आता घर घेतलं नाही तरी मी जिंकलेच होते.

पण बसल्या बसल्या मला ती खिडकी दिसायला लागली. आम्ही नाही घेतलं तर दुसरा कोणी घेणार. तो पहिल्या दिवशी तिथे जाड कापड लावणार, दुहेरी, आणि ते कधी बाजूला सारणार नाही. मग पुढच्याच्या पुढचा येईल, त्याला मागे गल्ली आहे हेसुद्धा ठाऊक नसेल. जी गोष्ट कोणाला दिसत नाही ती पाडायला सोपी.

"घ्यायचं," मी म्हटलं आणि उठले.

"आई."

"लाज वाटते म्हणून घेणार होतो ते वेगळं. आता त्या खिडकीसाठी घ्यायचं. तिथून खाली बघणारं माणूस आपल्यातलं हवं. आणि शिडी, पुढच्या खोलीतले पडदे बोटभर आखूड आहेत."

"बोटभर नाही," तो म्हणाला. "दोन बोटं."

"म्हणजे मोजलंस."

कात्री हसली आणि विषय तिथेच संपला. आमच्या घरात निर्णय असेच होतात.

व्यवहार झाला, सामान आलं. खालून वर यायला वेळ लागला नाही, गल्ली ओलांडली की मागचा जिना. सामान मात्र मी पुढून चढवलं. रखवालदारानं मशीन उचलायला हात दिला आणि म्हणाला, "आजी, त्या दिवशी सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या ऐटीत होता की धीर झाला नाही."

मी त्याला माफ केलं.

पुढच्या खोलीचे पडदे कात्रीनं बेतले. मागच्या खिडकीच्या पडद्याला मी कोणाला हात लावू दिला नाही. दुकानातलं सगळ्यात चांगलं कापड घेतलं, मोठमोठ्या तांबड्या फुलांचं, जे गिऱ्हाईक नेहमी हातात घेऊन परत ठेवतं. अस्तर लावलं, चुण्या घातल्या आणि शिडीला सांगितलं तसा त्यानं तो टांगला. टांगून झाल्यावर तो खाली उतरला आणि बघत राहिला. खोलीत अस्तर. फुलं बाहेर.

"लोक म्हणतील, म्हातारीला बाजू कळेना झाली," तो म्हणाला.

"म्हणू देत."

दिवसभर तो पडदा बाजूला सारलेला असतो. संध्याकाळी दिवे लागले की मी तो ओढते. टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला खाली गेले. पडदा अजून ओढलेलाच होता, बटण उठली नव्हती. इस्त्रीवाला दारात उभा राहून वर बघत होता. चांभारही बघत होता. कॉफीच्या दुकानातली दोन माणसं, ज्यांनी आजवर फक्त गंजाचे फोटो काढले, तीही.

"आजी," इस्त्रीवाला म्हणाला, "तुमचा पडदा उलटा लागलाय."

"उलटा नाही," मी म्हटलं. "तुमच्या बाजूनं सुलटा आहे."

त्यानं आणखी एकदा वर बघितलं. मग आत जाऊन आपल्या बायकोला बघायला बोलावलं. तेवढ्यात वर पडदा सरकला आणि खिडकीत बटण दिसली, केस विस्कटलेले. तिच्या शेजारी आणखी एक डोकं होतं, तिची वर्गातली मैत्रीण, रात्री राहायला आलेली. जिची आई मला विचारून गेली होती, तीच. बटण हात लांब करून तिला काहीतरी दाखवत होती. निळा पत्रा, मग दुकान, मग मी.

मी शाल सारखी केली. टेप गळ्यातच होती. मग वर बघून तिला म्हटलं, अभ्यास सोडून खिडकीत काय उभी राहिलीस. म्हटलं म्हणजे बोलले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, पण मी ओरडत नाही.